पाणसळ मिस्त्रींची वाकडी वाट

आमच्या घरातल्या फरश्या ज्यांनी बसवल्या, त्या मिस्त्रींना कामावरचे सगळे लोक 'पाणसळ' म्हणतात. पाणसळीच्या काचेच्या नळीत एक बुडबुडा असतो; तो मधोमध उभा राहिला की समजायचं, पातळी बरोबर आहे. हे नाव कुणी ठेवलं ते मिस्त्रींनाही आठवत नाही. त्यांना त्याचा राग नाही. हाक मारली की 'ओ' देतात. वीतभर लांबीची एक पितळी पाणसळ कायम त्यांच्या खिशात असते. कुणाकडे गेले की बोलता बोलता ती टेबलावर ठेवतात, बघतात आणि काही न बोलता परत खिशात घालतात. न बोलण्यावरून यजमानाला काय ते समजतं.

चार वर्षांपूर्वी त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. भूल उतरताना माणसं पाणी मागतात, बायकोचं नाव घेतात. हे नर्सला म्हणाले, "सिस्टर, खाटेचा डावा पाय दोन सूत खाली आहे." भूल अजून पुरती उतरलेली नाही, असं तिने कागदावर लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी वॉर्डबॉयने त्या पायाखाली पुठ्ठा सारला आणि महिनाभर डुगडुगणारी खाट गप्प झाली.

अडतीस वर्षं हा माणूस गुडघ्यांवर बसून लोकांच्या पायांखालची जमीन सरळ करतो आहे. दोन फरश्यांमध्ये फार तर नाण्याच्या जाडीची फट ठेवायची आणि तीही अशी भरून पुसायची, की बोट फिरवलं तर लागू नये. आमच्या दिवाणखान्यात बारा वर्षांत एकही फरशी वाजलेली नाही. म्हणून घरामागच्या बागेचं काम निघालं तेव्हा मी पहिला फोन त्यांना केला.

"बाग माझी लेक करते, साहेब," ते म्हणाले. "मी नुसते दगड बसवीन. तेही तिच्या हाताखाली." आणि मोठ्याने हसले.

लेकीला घरात 'छोटी' म्हणतात. छोटी तीस वर्षांची आहे आणि वडिलांपेक्षा चार बोटं उंच. सहा वर्षं तिने एका आर्किटेक्टच्या ऑफिसात बागांचे नकाशे काढले. नकाशे हिचे आणि खाली सही आर्किटेक्टसाहेबांची. तीन महिन्यांपूर्वी तिने ती नोकरी सोडली. साहेब माणूस सरळ. ते म्हणाले, "तुझं स्वतःचं पहिलं काम पूर्ण झालं की मला बोलाव. पसंत पडलं तर ऑफिसची बागांची सगळी कामं तुझ्याकडे. नाही पडलं तर तुझी खुर्ची रिकामी ठेवतो. मुकाट्याने परत यायचं." हे पहिलं काम म्हणजे आमची बाग. साहेबांना महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी दहाची वेळ दिलेली होती. ही तारीख आम्हा सगळ्यांना ठाऊक होती आणि मिस्त्रींना तर ती पाठ होती.

बागेची कल्पना मात्र माझ्या बायकोची. दाताच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना तिने एका मासिकात भूमध्य समुद्राकाठच्या घरांचे फोटो पाहिले होते. चुन्याची पांढरी भिंत, खाली खडी, मातीच्या मोठाल्या कुंड्या, जांभळं लव्हेंडर आणि झाडाखाली एक टेबल. त्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या कुणी उठून गेल्यावर जशा राहतात तशाच होत्या. तिला ते फारच आवडलं. छोटी पहिल्यांदा आली, स्वयंपाकघराच्या मागच्या पायरीवर वही घेऊन बसली आणि तिने विचारलं, "काकू, या बागेत तुम्ही काय करणार?"

"काहीच नाही," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"अगं, आता लॉन आहे. हे दर रविवारी कात्री घेऊन त्याच्या कडा कापतात. मी चहा घेऊन बसले की म्हणतात, पाय उचल, तिथलं राहिलंय. मला इस्त्री न केलेली बाग हवी. बसलेल्या माणसाला उठून काहीतरी नीट करावंसं वाटता कामा नये."

कात्रीची गोष्ट खरी होती. छोटीने शेवटचं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

आठवड्याने नकाशा आला. लॉन जाणार आणि तिथे खडी येणार. भिंतीच्या कडेने लव्हेंडर आणि रोझमेरी, कारण त्यांना ऊन भरपूर लागतं आणि पाणी बेताचं. जुनं लिंबाचं झाड राहणार, त्याच्या सावलीत एक बाक. मोठ्या कुंड्यांमध्ये ऑलिव्हची दोन झाडं. स्वयंपाकघराच्या दारावर लोखंडी सांगाडा आणि त्यावर द्राक्षाचा वेल. आणि दारापासून लिंबापर्यंत मोठ्या, सपाट पण वेड्यावाकड्या आकाराच्या दगडांची वाट. दगडांमध्ये अंगठाभर रुंद जागा आणि त्यात माती घालून थाइम लावायची. ही ओव्यासारख्या वासाची वनस्पती जमिनीलगत पसरते आणि पाय पडला की वास येतो. आमची बाग भिंतीकडून घराकडे किंचित उतरती आहे. आजवर पावसाचं पाणी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबायचं. आता ते वाटेतच, दगडांमधल्या मातीत जिरणार होतं.

पहिल्या दिवशी मिस्त्रींनी नऊ दगड बसवले. छोटीने खिडकीतून पाहिलं.

"बाबा, ही शाळेची रांग आहे."

"मुद्दाम वाकडी घातलीय."

"कुठे आहे वाकडी?"

"हा काय. हा दगड अर्धा इंच बाहेर आहे."

"अर्धा इंच म्हणजे वाकडं?"

"मला रात्री झोप लागणार नाही, इतकं वाकडं."

त्यांची चेष्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी त्यांनी खरोखर प्रयत्न केला. एक दगड उजवीकडे, एक डावीकडे, पुन्हा एक उजवीकडे. ती वाट वाकडी झाली, पण तिचं वाकडेपणही मोजून मापून होतं, करवतीच्या दातांसारखं. छोटीने सगळे दगड उचलायला लावले, आत गेली आणि माझ्या बायकोच्या हातात काठोकाठ भरलेला चहाचा कप दिला.

"काकू, लिंबापर्यंत जा. खाली बघायचं नाही. कपाकडे बघायचं."

बायको निघाली. भरलेला कप हातात असला की माणूस घाई करत नाही आणि रुबाबही दाखवत नाही. पाय पडेल तसा पडू देतो. छोटी चुन्याची फक्की घेऊन तिच्या मागून चालली आणि प्रत्येक पावलावर खूण करत गेली. अशा तीन फेऱ्या झाल्या. आधी थोडं डावीकडे, कारण समोरून ऊन डोळ्यांवर येत होतं. मग सावली लागली तशी अलगद उजवीकडे. तिन्ही वेळा जवळपास तेच वळण. मिस्त्री कमरेवर हात ठेवून बराच वेळ त्या पांढऱ्या खुणांकडे बघत राहिले.

"ही वाट वहिनींनी घातली," ते म्हणाले. "आता मला खूण मिळाली. आता हरकत नाही."

खूण मिळाल्यावर त्यांचा हात असा चालला की बघत राहावं. वाट वळत होती, पण तिच्यातला एकेक दगड तळ्यातल्या पाण्यासारखा सपाट. प्रत्येक दगडावर पाणसळ ठेवून, बागेचा उतार तेवढा राखून, खालची वाळू चमच्या-चमच्याने कमी-जास्त करून ते तो बसवत. छोटी म्हणायची, "बाबा, थोडा हलला तर हलू दे." त्यावर ते म्हणायचे, "हलणारा दगड आणि हलणारा दात, दोन्ही माणसाला स्वस्थ बसू देत नाहीत."

खटका उडाला तो फटींवरून. दुपारी डबा खाताना मिस्त्रींनी विषय काढला.

"सगळं पटलं. पण हे असं उघडं ठेवायचं? लोक म्हणतील, मिस्त्रीचं सिमेंट संपलं."

"त्यात झाडं येणार आहेत, बाबा."

"फरशीत झाड उगवलं तर ते उपटायला लोक मला बोलावतात. आणि तू मुद्दाम लावणार?"

"हो, लावणार."

"अडतीस वर्षांत मी काम उघडं टाकून घरी गेलेलो नाही. दर्जा म्हणून काही आहे की नाही?"

"दर्जाचं मी बघते. तुम्ही दगड बघा."

"बरं, मॅडम," ते म्हणाले आणि डब्याचं झाकण गरजेपेक्षा जोरात लावलं.

गुरुवारी शेवटचा दगड बसला. छोटी सकाळीच टेम्पो घेऊन ऑलिव्ह आणि थाइमची रोपं आणायला गेली होती. रोपवाटिका पाच तासांवर, म्हणून मुक्काम करून पहाटे तीनला निघणार आणि शुक्रवारी सकाळी परतणार होती. दुपारी तिचा मला फोन आला. मिस्त्री कामावर फोन बंद करून अवजारांच्या पिशवीत ठेवतात. टेम्पोचा आवाज, वाऱ्याचा आवाज, त्यात तिचं बोलणं तुटत होतं.

"काका, बाबांना एवढंच सांगा... दर्जा तशाच राहू द्या म्हणावं... मी येईपर्यंत..."

फोन कटला. दर्जा 'तशाच' कसा राहील? तिची घाई आणि टेम्पोचा खडखडाट, एखादं अक्षर इकडचं तिकडे होणारच. मी मनातल्या मनात व्याकरण दुरुस्त केलं आणि निरोप घेऊन बागेत गेलो.

"मिस्त्री, छोटीचा फोन होता. म्हणाली, दर्जा तसाच राहू द्या."

ते उभे राहिले. "असं म्हणाली?"

"हो."

"दर्जा?"

"दर्जा. तसाच राहू द्या म्हणाली."

त्यांनी हात सदऱ्याला पुसले. इतका आनंद मी त्यांच्या चेहऱ्यावर आमच्या घराचं काम पूर्ण झालं तेव्हाही पाहिला नव्हता. "कळतं तिला," ते म्हणाले. "तोंडाने भांडते, पण कळतं." आणि सिमेंटची गोणी फोडली.

संध्याकाळपर्यंत सगळ्या फटी भरून झाल्या. कडा पुसलेल्या, वर ओलं गोणपाट. गोणपाट उचलून त्यांनी आम्हाला दाखवलं, तेव्हा खरं सांगतो, इतकं देखणं काम मी पाहिलं नव्हतं. सगळी वाट एका अखंड दगडातून कोरल्यासारखी दिसत होती. बायकोने हात लावून बघितलं. मीही बघितलं. बोटाला काही लागलं नाही.

शुक्रवारी सकाळी आठला टेम्पो दारात आला. छोटी एक रोप हातात घेऊनच मागे आली आणि होती तिथे थांबली. मग पायरीवर बसली. रोप मांडीवर होतं.

"कुणी सांगितलं हे भरायला?"

"तूच," मिस्त्री म्हणाले. आवाजात अजून कालचा आनंद होता.

"मी?"

मी पुढे झालो. "तुझा फोन आला होता ना. दर्जा तसाच राहू द्या."

छोटीने डोळे मिटले. "दरजा, काका. दरजा! दरज म्हणजे दोन दगडांमधली फट. एक दरज, दोन दरजा. दरजा तशाच राहू द्या, असं म्हटलं मी. दर्जा नाही!"

मी ऑफिसात कारकुनांच्या मसुद्यांवर तीस वर्षं लाल शाई चालवली, पण हा शब्द कधी माझ्यासमोर आला नव्हता. मिस्त्रींना मात्र तो शब्द रोजच्या मिठासारखा. ते पुटपुटले, "दरजा... दर्जा..." आणि एकदम खो-खो हसत सुटले. मग छोटीही हसली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत दोघं हसले.

"चूक माझी आहे," मी म्हणालो.

"तुमची कसली, साहेब? तुम्ही निरोप दिलात. मला जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं."

बायको म्हणाली, "राहू दे ना गं तसंच. इतकं छान दिसतंय. ती थाइम कुंडीत लाव."

छोटी वाटेकडे बघत होती. परवा दहा वाजता साहेब येणार होते. शेवटी ती म्हणाली, "राहू दे. साहेबांना सांगीन, ऐनवेळी थोडा बदल केला." हे ती ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजात माणसं नोकरीवर परत जातात.

नळाची रबरी नळी ओढत मिस्त्री भिंतीपर्यंत गेले आणि पाणी सोडलं. पाणी दगडांवर ताटातल्यासारखं पसरलं, वाटेच्या वळणाने सावकाश खाली आलं आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जमलं. पायपुसणं भिजलं. त्यांनी नळ बंद केला.

"पाणी कुठे मुरायचं ते तू ठरवलं होतंस. मी त्याचं तोंड बंद केलं. छोटे, पातळ छिन्न्या कुठल्या पिशवीत आहेत?"

"बाबा, जाऊ द्या."

"सिमेंट अजून कच्चं आहे. दोन दिवसांत त्याचं लोखंड होईल. छिन्न्या आण."

"मिस्त्री, एवढं सुंदर काम फोडणार?" बायकोला राहवेना.

"सुंदर आहे, वहिनी. पण ते माझं काम झालं. रविवारी येणारा माणूस हिचं काम बघायला येतोय."

त्यांनी तीन छिन्न्या घासून बोटापेक्षा अरुंद केल्या. वाटेच्या एका टोकाला ते बसले, दुसऱ्या टोकाला छोटी. तिला छिन्नी धरायला त्यांनीच शिकवली होती, ती नकाशे काढायला लागायच्या कितीतरी आधी. बायकोने झाडू घेतला. मला बादली मिळाली. शुक्रवारचा आख्खा दिवस आणि शनिवारी दुपारपर्यंत बागेत टक-टक, टक-टक चालू होतं. मधूनच मिस्त्रींचा आवाज यायचा, "हात सैल सोड. छिन्नीला ढकलू नकोस, ती आपली आपण जाईल." आणि छोटीचा, "माहितीय मला." "माहितीय तर मग दगड का रडतोय?"

दोन दगडांचे कोपरे उडाले. तिसरा शनिवारी सकाळी मधोमध तडकला आणि त्याचे दोन तुकडे झाले. मिस्त्री लगेच उठले. "टेम्पो बोलाव. दुसरा दगड आणतो."

"राहू दे हाच," छोटी म्हणाली.

"तुटका?"

"एकाचे दोन झाले. मला आणखी एक दरज मिळाली."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघितलं. "ऐकलंत, साहेब? एवढा मोठा दगड फुटला आणि ही खूश आहे." पण त्यांनी ते दोन तुकडे तसेच ठेवले. म्हणजे तसेच नाही. दोन्हींची पातळी पुन्हा तपासली आणि मग ठेवले.

चारच्या सुमाराला माती भरून झाली. छोटीने रोपं लावायला घेतली. शेवटचं रोप तिने वडिलांच्या हातात दिलं. अडतीस वर्षं फरश्या थोपटलेल्या त्या हाताने त्यांनी ते इवलंसं रोप मातीत ठेवलं आणि सवयीने वरून तळवा उगारला.

"बाबा! ठोकायचं नाही."

"मग बसणार कसं?"

"ते बसेल. हळू दाबा आणि सोडून द्या."

त्यांनी हळू दाबलं. सोडून दिलं. आणि रोप सरळ उभं आहे की नाही, हे दोन्ही बाजूंनी वाकून बघितलं.

रविवारी साहेब दहाच्या ठोक्याला आले. चकचकीत काळे बूट, हातात काही नाही. ते दारातून निघाले आणि लिंबाकडे चालत गेले. छोटी त्यांच्या बुटांकडे टक लावून बघत होती. ती नंतर म्हणाली, नवीन वाटेवर माणूस खाली बघून चालतो. साहेबांनी एकदाही खाली बघितलं नाही. ते बाकावर बसले. बायकोने चहा नेऊन दिला. साहेबांनी पाय लांब केले.

"दोन्ही ऑलिव्ह एकाच बाजूला का?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या बाजूला काकू सकाळी बसतात, सर. तिथे ऊन हवं."

"हा दगड फुटलाय."

"हो, सर. फुटलाय."

तिने त्याचं कारण सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. "पाणी कुठे जातं?" साहेबांनी पुढे विचारलं.

छोटीने नळी सोडली. पाणी पहिल्या दगडावरून घसरलं, मातीत शिरलं, दुसऱ्या दगडापर्यंत थोडंफार आलं, तिसऱ्यापर्यंत आलंच नाही. साहेब बघत राहिले. मग चहा घेत राहिले. मी घड्याळ बघितलं. ते अर्धा तास बसले होते आणि उठायचं नाव घेत नव्हते. शेवटी म्हणाले, "उद्या ऑफिसात ये. तीन घरं आहेत, त्यांचे नकाशे घेऊन जा. तुझी खुर्ची मी दुसऱ्या कुणाला देतो."

छोटी "हो, सर" एवढंच म्हणाली, पण माझ्या बायकोने तिचा हात घट्ट धरला होता तो तिला सोडवून घ्यावा लागला.

मग साहेब मिस्त्रींकडे वळले. "एवढ्या वळणाच्या वाटेत एकेक दगड इतका सपाट! तुम्ही बसवलेत? आमच्या नव्या ऑफिसच्या प्रवेशाला फरशी घालायचीय. मोठा चौक आहे, सगळं एका सरळ रेषेत. कधी येता?"

'सरळ रेषेत' ऐकून मिस्त्रींचे डोळे लकाकले. पण ते म्हणाले, "तारखा हिला विचारा. मी हिच्याकडे असतो."

छोटीने वही उघडली आणि गंभीरपणे पानं उलटली. पुढची सगळी पानं कोरी होती. मी तिच्या शेजारीच उभा होतो. "पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेआधी जमणार नाही, सर," ती म्हणाली. "तोवर बाबांना तुमच्याच तीन घरांत दगड घालायचेत."

"पंधरा," साहेब म्हणाले.

"सोळा लिही," मिस्त्री म्हणाले. "पंधराला मी सुट्टी घेणार आहे." आणि ते बाकावर, साहेबांच्या शेजारी जाऊन बसले.